कार्ब्युरेटर की इंजेक्शन? : यंत्राच्या मूळ पाठाचा प्रश्न

जुनी मोटार जतन करणाऱ्या माणसाला आज ना उद्या एका प्रश्नाला तोंड द्यावे लागते. गाडीचा कार्ब्युरेटर झिजलेला असतो, त्याचे सुटे भाग मिळेनासे झालेले असतात, आणि तो बसवू-उतरवू जाणणारा कारागीर वार्धक्याला टेकलेला असतो. अशा वेळी कोणीतरी सुचवतो की हे जुने प्रकरण काढून टाका आणि इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवा. गाडी पहिल्या किल्लीला सुरू होईल, पेट्रोल कमी लागेल, धूरही कमी होईल. त्यावर दुसरा विचारतो, मग ती गाडी तीच राहील काय? हा वाद जुने विरुद्ध नवे, किंवा भावना विरुद्ध सोय, असा मांडण्याचा प्रघात आहे. त्याचा इतिहास पाहू लागल्यावर आम्हांला ही मांडणी अपुरी वाटू लागली. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला 'मूळ पाठ कोणता' या प्रश्नात ज्या अडचणी येतात, जवळजवळ त्या सर्व येथे पितळेत आणि पोलादात उभ्या आहेत. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचे काही टप्पे पाहून शेवटी निवडीच्या प्रश्नाकडे वळण्याचा विचार आहे.

१

प्रथम दोन्ही पद्धतींमधील फरक थोडक्यात सांगितला पाहिजे. पेट्रोल नीट जळायचे तर ते हवेत योग्य प्रमाणात मिसळावे लागते. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा हे ते प्रमाण. कार्ब्युरेटरमध्ये इंजिन हवा ओढून घेते. ती हवा एका अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, वेगाबरोबर तिचा दाब उतरतो, आणि शेजारच्या लहानशा टाकीतले पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, आपोआप उसळून हवेत मिसळते. अत्तराचा फवारा ज्या तत्त्वावर चालतो तेच हे तत्त्व. बर्नुलीने १७३८ मध्ये आणि व्हेंतुरीने १७९७ मध्ये प्रवाहांविषयी जे लिहिले, ते शतकभराने मोटारीच्या कामी आले. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नुसती फिरवली जाई. पुढे १८९३ मध्ये जर्मनीत विल्हेल्म मायबाखने, आणि त्याच वर्षी हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी, पेट्रोलचा फवारा करणारे कार्ब्युरेटर पुढे आणले.

इंजेक्शनचा मार्ग वेगळा आहे. तेथे पंप पेट्रोलवर दाब देतो आणि ठरावीक मात्रा ठरावीक क्षणी आत सोडली जाते. मात्रा किती, हे कोणीतरी ठरवावे लागते. आधी एखादी यांत्रिक जुळणी ते ठरवी, पुढे इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवू लागली. कार्ब्युरेटरमध्ये असा स्वतंत्र निर्णय कोठेच होत नाही. तो निर्णय गळ्याच्या वळणात, जेटच्या छिद्रात, सुईच्या निमुळतेपणात आधीच घडवून ठेवलेला असतो. ब्रिटनमधील प्रसिद्ध 'एसयू' कार्ब्युरेटर हे त्याचे सुरेख उदाहरण. 'एसयू' म्हणजे 'स्किनर्स युनियन'. पादत्राणांच्या व्यापारातल्या स्किनर घराण्यातील जॉर्ज हर्बर्ट स्किनर याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो सिद्ध केला, आणि त्याच्या आरंभीच्या रूपात चामड्याचा भाता होता! हवेच्या ओढीनुसार आतला दट्ट्या वर-खाली होतो, त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमध्ये कमीजास्त उतरते, आणि पेट्रोलचे प्रमाण बदलते. त्या सुईचा उतार म्हणजे जणू इंजिनाच्या सर्व अवस्थांवर आधीच लिहून ठेवलेले भाष्य होय.

२

इंजेक्शन हे आपल्याला अलीकडचे वाटते ते आपल्याकडे ते उशिरा आले म्हणून. युरोपात त्याची कसोटी दुसऱ्या महायुद्धातच लागली होती. १९४० च्या ब्रिटनच्या हवाई युद्धात जर्मन मेसरश्मिट १०९ विमानाच्या डेम्लर-बेंझ इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडले जाई. त्याच्यासमोरच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांतील रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनावर मात्र कार्ब्युरेटर होता. जर्मन वैमानिक विमानाचे नाक एकदम खाली दाबून सूर मारी. ब्रिटिश वैमानिकाने तसेच केले तर कार्ब्युरेटरमधील पेट्रोल वर फेकले जाई आणि इंजिन क्षणभर गुदमरे. म्हणून त्याला विमान उलटे करून मगच खाली वळावे लागे, आणि तेवढ्यात सावज निसटे.

यावर उतारा शोधला तो फार्नबरो येथील संशोधन संस्थेतील अभियंता बिआट्रिस शिलिंग यांनी. ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर नॉर्टन मोटारसायकल तासाला १०० मैलांहून अधिक वेगाने चालवून सुवर्णतारा मिळवलेल्या या बाईंनी १९४१ मध्ये एक अगदी लहान पितळी तुकडा तयार केला. त्याच्या छिद्रातून इंजिनाला पूर्ण शक्तीवर लागेल तेवढेच पेट्रोल जाई, त्याहून जास्त नाही. त्यामुळे कार्ब्युरेटर पेट्रोलने तुडुंब होणे टळे. कायमचा तोडगा पुढे निघाला, परंतु ऐन युद्धात त्या तुकड्याने काम भागवले.

या कथेचा बोध 'जर्मन पुढे, ब्रिटिश मागे' असा काढला जातो, आणि तो उथळ आहे. ब्रिटिश अभियंत्यांनी कार्ब्युरेटर अज्ञानापोटी ठेवला नव्हता. सुपरचार्जरच्या आधीच हवेत मिसळलेले पेट्रोल बाष्प होताना हवेला थंड करते, थंड हवा अधिक दाट असते, आणि दाट हवेतून अधिक शक्ती मिळते, असा त्यांचा हिशेब होता. तो चूक नव्हता. प्रत्येक पद्धतीने एक गुण घेतला आणि त्याची किंमत मोजली. तंत्रज्ञानाचा इतिहास सरळ चढत्या पायऱ्यांचा मानला, की हा हिशेब दिसेनासा होतो. वाङ्मयाच्या इतिहासात 'विकास' हा शब्द आपण जेवढ्या सावधपणे वापरतो, तेवढाच तो येथेही वापरायला हवा.

३

युद्धानंतर इंजेक्शन मोटारीकडे वळले. १९५४ मध्ये सादर झालेल्या मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलचे, पंखांसारखी दारे वर उचलणाऱ्या त्या गाडीचे, नाव सर्वश्रुत आहे. तिच्या तीन लिटर इंजिनाला बॉशची यांत्रिक थेट इंजेक्शन पद्धती जोडली होती. ज्या प्रवासी गाडीच्या इंजिनापासून ते सिद्ध केले गेले, ते आरंभी कार्ब्युरेटरवर ११५ अश्वशक्ती देई. एसएलमध्ये अन्य सुधारणांसह त्यातून सुमारे २१५ निघाल्या. मात्र चावी बंद केल्यावरही, इंजिन पूर्ण थांबेपर्यंत, तो यांत्रिक पंप पेट्रोल सोडतच राही. ते सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली उतरे आणि इंजिनाच्या तेलात मिसळे. त्यामुळे तेल वारंवार बदलावे लागे. आज ही गाडी सर्वाधिक मोलाच्या जुन्या मोटारींत गणली जाते, आणि तिच्यावर कार्ब्युरेटर बसवण्याचा विचार कोणी जाणकार करणार नाही. येथे इंजेक्शन हाच मूळ पाठ आहे.

अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने १९५७ च्या सुमारास 'इलेक्ट्रोजेक्टर' ही इलेक्ट्रॉनिक पद्धती आणली. क्रायसलर समूहाच्या १९५८ च्या मोजक्या गाड्यांवर ती बसवली गेली. त्या काळचे सुटे इलेक्ट्रॉनिक भाग उष्णता आणि ओल सोसू शकले नाहीत, आणि त्यांतील बहुतेक गाड्यांना पुन्हा कार्ब्युरेटर लावून देण्यात आले. म्हणजे नवे आले, टिकले नाही, आणि जुन्याने त्याची जागा परत घेतली. आज अशा एखाद्या गाडीचा उद्धार करणाऱ्याने काय बसवावे? कारखान्यातून निघताना जे होते ते, की आयुष्यभर ज्यावर ती चालली ते?

४

या सर्व इतिहासाचा कळीचा क्षण आमच्या मते १९६७-६८ हा आहे. त्या वर्षी ब्रिटनच्या ट्रायम्फ कंपनीने टीआर५ ही खुली स्पोर्ट्स मोटार आणली. तिच्या अडीच लिटर, सहा सिलिंडरच्या इंजिनावर ल्यूकसची यांत्रिक इंजेक्शन पद्धती होती आणि कंपनी १५० अश्वशक्तीचा दावा करी. परंतु ट्रायम्फची मोठी बाजारपेठ अमेरिका होती, आणि तेथे १९६८ पासून धुराविषयीचे संघीय नियम लागू होत होते. ल्यूकसची पद्धती त्या नियमांत बसवणे अवघड होते; शिवाय ती महागही पडे. म्हणून अमेरिकेसाठी तीच गाडी टीआर२५० या नावाने, दोन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर लावून, पाठवली गेली. तिची शक्ती सुमारे ४० अश्वशक्तींनी कमी होती. टीआर५ बनल्या २,९४७ आणि टीआर२५० बनल्या ८,४८४.

आता त्याच वर्षी, त्याच देशात, त्याच नियमांसमोर दुसऱ्या एका कंपनीने काय केले ते पाहावे. फोक्सवॅगनने अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आपल्या १६०० गाडीवरचा कार्ब्युरेटर काढला आणि बॉशची 'डी-जेट्रॉनिक' ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धती बसवली. बेंडिक्सच्या फसलेल्या प्रयत्नातील हक्क बॉशने मिळवले होते. तोवर ट्रान्झिस्टर भरवशाचे झाले होते. एकाच कायद्याने एका गाडीला इंजेक्शनकडून कार्ब्युरेटरकडे आणि दुसरीला कार्ब्युरेटरकडून इंजेक्शनकडे ढकलले. तेव्हा 'कार्ब्युरेटर म्हणजे जुने, इंजेक्शन म्हणजे नवे' हे समीकरण येथे टिकत नाही. कोणते यंत्र कोठे बसले, हे कायदा, किंमत, बाजारपेठ आणि हाताशी असलेले कारागीर यांनी मिळून ठरवले.

टीआर५ आणि तिच्यानंतरची टीआर६ यांची पुढची कहाणी तर पाठभेदांच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावी अशी आहे. ल्यूकसचा पेट्रोलपंप तापे, तापला की पेट्रोलची वाफ होई आणि गाडी अडखळे. गल्लीतल्या गॅरेजवाल्याला ही पद्धती उमगेना. परिणामी ब्रिटनमध्ये पुढच्या काळात कित्येक मालकांनी इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवले. पुढे या गाड्यांना 'क्लासिक' हे बिरूद लाभले, मूळ स्वरूपाला मोल आले, आणि अडगळीतले इंजेक्शनचे भाग शोधून पुन्हा बसवले जाऊ लागले. मात्र पंप बऱ्याचदा ल्यूकसचा न घेता बॉशचा घेतला जातो, कारण तो तापत नाही. या गाडीत प्रक्षेप कोणता? लंडनमधील टीआर५ वरचा कार्ब्युरेटर हा प्रक्षेप आहे. बोस्टनमधील टीआर२५० वरचा कार्ब्युरेटर मूळ संहितेत आहे. एकाच ग्रंथाच्या दोन शाखांत एकच ओळ एकीकडे अस्सल आणि दुसरीकडे घुसडलेली ठरावी, तसाच हा प्रकार आहे.

५

येथवर यंत्राचा विचार झाला. त्या यंत्राशी माणसाचे जे नाते होते त्याचा विचार याहून महत्त्वाचा आहे. कार्ब्युरेटर जुळवणारा कारागीर तीन इंद्रियांनी काम करी. स्पार्कप्लग काढून तो पाही: काळा पडला असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर कमी, विटकरी असेल तर बरोबर. यालाच 'प्लग वाचणे' म्हणतात, आणि हे वाचन शब्दशः वाचनच आहे. धुराचा वास तो घेई. जोडीचे कार्ब्युरेटर असतील तर रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून दोहोंचा फुत्कार सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवी. १९७६ मध्ये व्होल्व्होच्या २४० मालिकेतील गाड्यांत बॉशचा लॅम्डा संवेदक आला. धुरातील प्राणवायू मोजून पेट्रोलची मात्रा क्षणोक्षणी सुधारण्याचे काम तो करू लागला, आणि कारागिराच्या नाकाचे काम संपले. हवेच्या दृष्टीने हे चांगलेच झाले, याविषयी दुमत असू नये. परंतु ज्ञान हातातून पेटीत गेले, ही गोष्टही त्याबरोबर घडली.

भारतात हे स्थित्यंतर उशिरा आणि झपाट्याने झाले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९९ मध्ये राजधानी परिसरात युरो-१ व युरो-२ या मानकांची सक्ती केली. त्यापाठोपाठ, २००० साली, मारुती ८०० इंजेक्शनसह आली आणि 'एमपीएफआय' ही अक्षरे गाडीच्या पाठीवर मिरवू लागली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यावर नव्या दुचाकींमधूनही कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. मुंबईपुरते बोलायचे तर कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी, फियाटच्या ११०० चा तो १०८९ सीसीचा भारतीय अवतार, ही कार्ब्युरेटरची अखेरची मोठी पाठशाळा होती. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी शहराच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. तिच्याबरोबर एक बोलीही गेली. 'कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय', 'गाडी मिसिंग करतेय', 'पिकअप घेत नाही', 'चोक देऊन बघ' ही वाक्ये म्हणजे निदानाची एक परिपूर्ण भाषा होती. इंजेक्शनच्या गाडीचे निदान संगणकाला जोडलेल्या पडद्यावर आकड्यांत उमटते.

६

आता निवडीकडे वळू. आजच्या भारतीय मालकापुढे दोन नव्या गोष्टी आहेत. पहिली इंधनाची. २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर आले. इथेनॉलला जळण्यासाठी पेट्रोलहून कमी हवा लागते; एका भागाला सुमारे ९ भाग. लॅम्डा संवेदक असलेली इंजेक्शन पद्धती मर्यादेत का होईना, स्वतःला सावरून घेते. कार्ब्युरेटरचे जेट मात्र जुन्या पेट्रोलसाठी कोरलेले असल्याने मिश्रण पातळ होते, आणि जुने रबरी भागही खराब होऊ लागतात. आपल्याच उसाच्या मळ्यांतून निघालेले मद्यार्क अशा रीतीने जुन्या गाडीच्या गळ्याशी आले आहे! याला मोठे जेट आणि नवे रबर हा साधा उपाय आहे, मात्र तो करणारा हात हवा.

दुसरी गोष्ट कायद्याची. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले; त्यांत वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि त्यात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. इंजेक्शन बसवणे हा एकट्याचा बदल नसतो. जास्त दाबाचा पंप येतो, टाकीकडे परतीची नळी न्यावी लागते, संवेदकांसाठी छिद्रे पाडावी लागतात, जुन्या डायनामोला वीज पुरवणे झेपत नाही म्हणून ऑल्टरनेटर येतो. वृत्तातला एक शब्द बदलला की पुढचे चरण सावरावे लागतात, तसे हे आहे.

मग काय करावे? भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तिच्या पद्धतीतून येथे एक धडा घेता येतो. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रक्षिप्त मानलेला मजकूर नष्ट केला नाही. तो तळटीपांत आणि परिशिष्टांत जपला, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला त्यांचा निर्णय तपासता यावा, प्रसंगी फिरवता यावा. जुन्या मोटारीवर इंजेक्शन बसवणाऱ्यानेही काढलेला कार्ब्युरेटर, त्याची नळी, त्याचा हवा-गाळणीचा डबा जपून ठेवावा. काय बदलले आणि का, ते लिहून ठेवावे. आणि पत्रा न कापता, पुन्हा मागे जाता येईल असाच बदल करावा. बाहेरून जुन्या वेबर कार्ब्युरेटरसारखी दिसणारी आणि आत इंजेक्टर दडवलेली यंत्रे आता विकत मिळतात. ती आम्हांला पटत नाहीत. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिसच्या सनदेत म्हटले आहे की नवी भर जुन्याशी सुसंगत असावी, परंतु मुळापासून वेगळी ओळखू यावी. जुन्या बांधणीत नवा मजकूर शिवून ती पोथी पुरातन म्हणून दाखवणे आपण ग्रंथालयात सहन करणार नाही.

तथापि पोथीची तुलना एका ठिकाणी संपते. पोथी कपाटात बंद राहिली तरी तिची अक्षरे शाबूत राहतात. न चालणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा साचतो, गॅस्केट वाळतात, आणि तो वापरावाचूनच मरतो. म्हणून ज्या गाडीला रोज रस्त्यावर जायचे आहे आणि जिच्या गावात तो जाणणारा कोणी उरला नाही, तिच्यावर इंजेक्शन बसवणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. जी गाडी कार्ब्युरेटरवर जन्मली आणि जिच्यासाठी एक जरी जाणता हात शिल्लक आहे, तिने मात्र त्या हाताखालीच राहावे, असे आमचे मत आहे. कारण तेथे धातूबरोबर ते ज्ञानही जपले जाते.

ते हात आता थोडे आहेत. परळ-कुर्ल्यापासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंतच्या गॅरेजांत साठीसत्तरीचे जे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे जेट, सुई, फ्लोट आणि चोक यांचे नुसते ज्ञान नाही, त्याचा शब्दसंग्रहही आहे. व्यवसायबोलींचे कोश करण्याची परंपरा मराठीला आहे, आणि महाविद्यालयांतील मराठी विभागांत प्रकल्पांसाठी विषय शोधणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. ध्वनिमुद्रण करण्याची सोय आता प्रत्येकाच्या खिशात आहे. एखाद्या वर्गाने एका वर्षात आपल्या तालुक्यातील पाच मिस्त्र्यांकडून शंभर शब्द, त्यांचे अर्थ आणि वापराची वाक्ये टिपून आणली, तरी जुन्या मोटारी जपणाऱ्यांना ती शिदोरी पुढची अनेक वर्षे पुरेल.